उंदराच्या आतड्यासाठी उसिंग चेंबर : तीन वर्षं वापरल्यावर

उसिंग चेंबर म्हणजे आतड्याच्या जिवंत तुकड्यातून होणारी आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांची, वाहतूक मोजणारं यंत्र. त्याचं हे परीक्षण मी मुद्दाम उशिरा लिहिते आहे. पहिल्या सहा महिन्यांत लिहिलं असतं तर रागाच्या भरात लिहिलं गेलं असतं आणि यंत्रावर अन्याय झाला असता. आता तीन वर्षं झाली. आठवड्यातले किमान दोन दिवस मी त्याच्यासमोर बसते. चार चेंबरचा संच, उंदरासाठीचे लहान भोकाचे स्लायडर (तुकडा धरणाऱ्या चौकटी), कोमट पाणी फिरवणारा पंप, व्होल्टेज क्लॅम्प (तुकड्यावरचं व्होल्टेज ठरावीक ठेवणारं उपकरण) आणि नोंदीचं सॉफ्टवेअर असं सगळं एकत्र घेतलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. इथे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं कुठल्याही उसिंग चेंबरला लागू पडेल.

आधी हे सांगते की मला याची गरज का पडली. माझा विषय आतड्यातली पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, आणि त्यांचे रिसेप्टर, म्हणजे त्यांचा निरोप घेणारी पेशीवरची प्रथिनं. आतड्याच्या अस्तरात शंभरात जेमतेम एक पेशी संप्रेरक तयार करणारी असते, पण आतडं एवढं लांब आहे की या विखुरलेल्या पेशी मिळून शरीरातली एक मोठी अंतःस्रावी ग्रंथीच होते. पीवायवाय, जीएलपी-१, जीएलपी-२, सीसीके, सिक्रेटिन ही सगळी त्यांचीच. सुरुवातीला मी एलायझा किटवर काम करायचे. किट सांगायचं की रक्तात अमुक पेप्टाइड इतकं आहे. पण ते पेप्टाइड आतड्याच्या भिंतीपाशी पोचून काय करतं, यावर किट गप्प. मग वाटलं, रिसेप्टर कुठल्या पेशींवर आहेत ते तरी बघू. रिसेप्टरला चिकटणारी अँटिबॉडी मागवली, काप रंगवले, सुरेख रंग आला. आमच्या मॅडम म्हणाल्या, ‘नॉकआउट उंदराचा काप याच्या शेजारी लाव.’ लावला. ज्या उंदरात तो रिसेप्टरच नाही, त्याच्या आतड्यातही तसाच सुरेख रंग होता. चार महिन्यांचं काम त्या एका स्लाइडने रद्द केलं. या प्रकारच्या रिसेप्टरांच्या अँटिबॉडींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे तेव्हा कळलं. रिसेप्टर आहे की नाही हे त्याच्या कामावरूनच ओळखायचं, असं ठरवून आम्ही हा संच घेतला.

कल्पना जुनी आहे. डेन्मार्कच्या हान्स उसिंग यांनी बेडकाच्या त्वचेवर ही पद्धत बसवली. झेरान यांच्याबरोबरचा त्यांचा प्रसिद्ध शोधनिबंध १९५१ चा. आतड्याचा तुकडा दोन अर्ध्या कप्प्यांच्या मधे पडद्यासारखा बसवायचा. एका बाजूला आतड्याच्या पोकळीकडचं द्रावण, दुसऱ्या बाजूला रक्ताकडचं. अस्तराच्या पेशी जिवंत असतील तर त्या आयन एका बाजूकडून दुसरीकडे ढकलत राहतात, त्यामुळे दोन बाजूंत थोडंसं व्होल्टेज तयार होतं. ते बरोबर शून्यावर आणण्यासाठी यंत्र उलट दिशेने जेवढा करंट सोडतं, तोच शॉर्ट-सर्किट करंट. म्हणजे पडद्यावर दिसणारी रेष ही अस्तराने त्या क्षणी चालवलेल्या आयनांच्या निव्वळ वाहतुकीचा हिशोब असते. मधूनमधून यंत्र व्होल्टेजची छोटी ठोकर देतं, त्यावरून ओहमच्या नियमाने रोध निघतो, आणि अस्तर किती घट्ट आहे तेही समजतं.

माझा पहिला धडधडीत यशस्वी प्रयोग व्हीआयपीचा. २८ अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी सोडतात. उंदराच्या मोठ्या आतड्याचा तुकडा बसवला, रेष स्थिरावायला अर्धा तास दिला, आणि रक्ताच्या बाजूला व्हीआयपी घातलं. रेष क्षणभर थांबली आणि मग चढू लागली. रिसेप्टर जागा झाला, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढला, सीएफटीआर या क्लोराइडच्या वाहिन्या उघडल्या, क्लोराइड पोकळीकडे निघालं, हे सगळं मी वर्गात फळ्यावर बाणांनी काढलं होतं. इथे ते माझ्या डोळ्यांसमोर, मोजता येईल अशा वेगाने होत होतं. मग त्याच चेंबरमध्ये पीवायवाय घातलं आणि रेष खाली आली. एक पेप्टाइड पाणी सोडायला सांगतं, दुसरं आवरायला सांगतं, आणि अस्तर दोघांचं ऐकतं. त्या दिवशी मी घरी उशिरा गेले. नोंद संपल्यावरही उगाच बघत बसले होते.

बाजू हीच या यंत्राची खरी ताकद आहे, असं माझं मत. तेच व्हीआयपी पोकळीच्या बाजूने घाला, रेष जवळजवळ ढिम्म हलत नाही, कारण त्याचे रिसेप्टर पेशीच्या रक्ताकडच्या अंगाला आहेत. ग्वानिलिनचं उलटं. १५ अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड अस्तराच्याच पेशी पोकळीत सोडतात, आणि त्याचा रिसेप्टर, ग्वानिलेट सायक्लेज-सी, पोकळीकडच्या पृष्ठभागावर बसलेला असतो. जुलाब घडवणाऱ्या काही ई. कोलाय जिवाणूंचं उष्णतेला न डगमगणारं विष नेमकं याच रिसेप्टरला धरतं. बद्धकोष्ठावरचं लिनाक्लोटाइड, २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं १४ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, तेही इथेच बसतं. म्हणून ते रक्तात फारसं न जाताही काम करतं. पेट्री डिशमध्ये पसरलेल्या पेशींना दोन बाजू नसतात, रक्ताच्या नमुन्याला तर नसतातच. चेंबरला असतात. पेप्टाइड कुठून आलं हा प्रश्न आतड्यासाठी किती मोठा आहे, हे मला चेंबरपुढे बसल्याशिवाय पटलं नव्हतं.

पीवायवायवर जास्त लिहिते, कारण माझी दोन वर्षं त्यात गेली. ३६ अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड शेवटच्या भागातल्या आतड्यात, विशेषतः मोठ्या आतड्यात, एल पेशी बनवतात. उंदराच्या मोठ्या आतड्यात ते दोन वाटांनी स्राव कमी करतं. अस्तराच्या पेशींवरच्या वाय-१ रिसेप्टरमधून थेट, आणि चेतापेशींवरच्या वाय-२ रिसेप्टरमधून आडवाटेने, म्हणजे स्राव वाढवणारा निरोप सोडणाऱ्या चेतापेशींनाच गप्प करून. डीपीपी-४ हे एन्झाइम पीवायवायच्या टोकाची दोन अमिनो आम्लं कापतं, आणि उरलेल्या ३-३६ तुकड्याचा ओढा वाय-२ कडे होतो. आता या दोन वाटा एकाच तुकड्यात वेगळ्या कशा काढायच्या? एका चेंबरमध्ये वाय-१ चा अडसर बीआयबीओ ३३०४, दुसऱ्यात वाय-२ चा बीआयआयई ०२४६, तिसऱ्यात चेतापेशींचे विद्युत संकेत बंद करणारं टेट्रोडोटॉक्सिन, चौथा नुसता. चारही तुकडे एकाच उंदराचे, आतड्याच्या लगतच्या भागांतले. त्यामुळे उंदरा-उंदरातला फरक मधे येत नाही आणि एका प्राण्यात चार उत्तरं मिळतात. प्रयोगासाठी मरणाऱ्या प्रत्येक उंदराची नोंद मी माझ्या हाताने करते. त्या वहीतले आकडे या यंत्रामुळे कमी झाले, हे माझ्यासाठी कुठल्याही तांत्रिक वैशिष्ट्याइतकंच मोलाचं आहे.

एक गोष्ट अजिबात अपेक्षित नव्हती. बाहेरून काहीही पेप्टाइड न घालता नुसता वाय-१ चा अडसर घातला, तरी करंट वर गेला. म्हणजे अस्तराला स्राव आवरण्याचा निरोप सतत मिळतच होता. आम्ही तो तोडल्यावर तो होता हे कळलं. कापून, धुऊन, चेंबरमध्ये चढवलेल्या पाव नखाएवढ्या तुकड्यातही हे घरचं नियंत्रण चालू असतं. ही गोष्ट मी अभ्यासात वाचली होती. स्वतःच्या रेषेत बघणं निराळंच.

आता तक्रारी. संचाबरोबर आलेल्या स्लायडरना तुकडा अडकवायला बारीक सुया होत्या. मोठ्या आतड्याला त्या चालतात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला, जो उंदरात ओल्या कागदासारखा नाजूक असतो, सुयांनी भोकं पडायची आणि भोकातून करंट गळायचा. रोध पडलेला दिसायचा आणि मी अस्तर खराब झालं असं समजायचे. कंपनीकडे विचारलं तर उत्तर यायला काही आठवडे गेले, आणि ते उत्तर मोठ्या प्राण्यांच्या आतड्याबद्दल होतं. शेवटी सुया नसलेले, नुसते दाबून धरणारे स्लायडर घेतले. माहितीपुस्तिकाही तशीच. तुकडा चढवण्यापूर्वी रिकाम्या चेंबरमध्ये इलेक्ट्रोडमधला फरक शून्य करणं आणि द्रावणाचा स्वतःचा रोध वजा करणं, या दोन पायऱ्यांवर पुढची सगळी मोजणी उभी असते. लहान भोकाच्या स्लायडरला तर इथली किंचित चूकही मोठी होऊन दिसते. पुस्तिकेत त्याला दोन ओळी दिल्या होत्या.

बुडबुड्यांचा प्रसंग सांगायलाच हवा. द्रावणाला ऑक्सिजन मिळावा आणि ते ढवळलंही जावं म्हणून दोन्ही बाजूंनी ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडतात. एका आठवड्यात मला जीएलपी-१ ला इतके झटपट आणि टोकदार प्रतिसाद मिळाले की मी मॅडमना फोन केला. त्या आल्या, पेप्टाइडऐवजी तेवढंच नुसतं द्रावण घालायला सांगितलं. तोच टोकदार प्रतिसाद. पिपेटचा धक्का लागून पडद्याशी अडकलेला बुडबुडा सुटत होता. आठवड्याची नोंद गेली, पण तेव्हापासून प्रत्येक दिवसाची पहिली मात्रा माझ्याकडे नुसत्या द्रावणाची असते.

स्नायूचा थर सोलणं हे कुठल्याच पुस्तिकेत शिकता येत नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांनी मला ते शिकवलं. त्यांच्याकडे पदवी नाही, हात मात्र असा की स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली दोन चिमट्यांनी ते उंदराच्या मोठ्या आतड्यावरचा बाहेरचा थर मोजा काढावा तसा अख्खा काढतात. ‘ओढू नका ताई, त्याला सुटू द्या,’ एवढंच सांगायचे. महिनाभर माझे तुकडे फाटत होते. सोलल्याने काय जातं आणि काय राहतं हे नीट समजून घ्या: स्नायूंबरोबर त्यांच्यामधलं चेताजाळं निघून जातं, पण अस्तराखालचं जाळं राहतं. म्हणून सोललेल्या तुकड्यातही वाय-२ चा परिणाम दिसतो. सोलताना होणाऱ्या हाताळणीमुळे स्राव वाढवणारी प्रोस्टाग्लँडिनं सुटून बेसलाइन चढलेली राहते. आम्ही त्यासाठी द्रावणात ती बनू न देणारं इंडोमेथासिन ठेवतो.

काही सवयी लावून घ्याव्याच लागतात. लहान आतडं असेल तर पोकळीच्या बाजूला ग्लुकोज नको, तेवढ्याच तीव्रतेचं मॅनिटॉल घाला. नाहीतर ग्लुकोजबरोबर आत जाणारं सोडियमच करंट वाढवतं आणि पेप्टाइडचा परिणाम त्यात झाकला जातो. पेप्टाइडं प्लास्टिकला आणि काचेला चिकटतात. नॅनोमोलर मात्रेत काम करताना नळीच्या भिंतीला चिकटून गेलेला भाग म्हणजे अर्धा प्रयोग. कमी चिकटणाऱ्या नळ्या, एकेका दिवसापुरते छोटे वाटे म्हणजे ॲलिक्वॉट, आणि एकदा वितळवलेलं परत गोठवायचं नाही. प्रत्येक तुकड्याला शेवटी फोरस्कोलिन (रिसेप्टरला वगळून थेट सायक्लिक एएमपी वाढवणारं द्रव्य) द्या. त्यालाही जो तुकडा उठत नाही त्याची आधीची नोंद मी वापरत नाही. आणि ॲक्रिलिकचे चेंबर अल्कोहोलने धुऊ नका. फोरस्कोलिनचा अंश राहू नये म्हणून मी तसं धुतलं, आणि एका चेंबरच्या आतल्या भिंतीवर केसासारख्या भेगा आल्या. तो चेंबर बदलावा लागला.

हे यंत्र काय दाखवत नाही ते विकणारे सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. करंट चढला म्हणजे क्लोराइडचा स्रावच वाढला असं नाही. सोडियमचं शोषण वाढलं तरी रेष तशीच चढते. सोडियमची वाट अडवणारं अमिलोराइड आणि क्लोराइडचा स्राव अडवणारं बुमेटानाइड वापरून ते वेगळं करावं लागतं. ज्या वाहतुकीत एका धनभारामागे दुसरा धनभार उलट दिशेने जातो, तिचा करंटच नसतो. एनएचई-३ या सोडियम-हायड्रोजनची अदलाबदल करणाऱ्या वाहकामधून होणारं सोडियमचं शोषण असंच आहे. ग्वानिलिनच्या वाटेने ते शोषण कमी होतं, म्हणजे त्याचा निम्मा परिणाम या रेषेत दिसतच नाही.

आणि तुकडा कापला की बाहेरून येणाऱ्या नसा तुटतात. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी मुद्दाम आतड्याच्या वळ्याच्या नसा तोडल्या, त्यात आम्ल सोडलं, तरी स्वादुपिंड स्रवलं, आणि त्यातून सिक्रेटिन सापडलं. तिथे नसा तोडणं हेच उत्तर होतं. सीसीकेचा प्रश्न असेल तर तोच घाव उत्तर पुसून टाकतो, कारण भूक भागल्याची जाणीव सीसीके व्हेगस नसेच्या टोकांवरच्या रिसेप्टरमधून मेंदूला पोचवतं. ते तुम्हाला चेंबरमध्ये कधीच दिसणार नाही. जीएलपी-१ मुळे जठर रिकामं व्हायला लागणारा वेळ वाढतो, तेही इथे मोजता येत नाही. आतड्याची हालचाल बघायची असेल तर ऑर्गन बाथ (स्नायूचं आकुंचन मोजणारं भांडं) घ्या. हालचाल घडवणाऱ्या मोटिलिनचा अभ्यास करायचा असेल तर आधी प्राणी बदला. उंदरात मोटिलिनही नाही आणि त्याचा रिसेप्टरही नाही. ही माहिती यंत्राची ऑर्डर देण्याआधी कुणीतरी हातात ठेवायला हवी.

जीएलपी-२ ची गोष्ट मधली आहे. १९९६ मध्ये ड्रकर आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवलं की या ३३ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडने लहान आतड्याचं अस्तर वाढतं. पुढे त्याच्या दुसऱ्या जागी अ‍ॅलानिनऐवजी ग्लायसिन बसवून, म्हणजे डीपीपी-४ ला कापायला अवघड करून, टेडुग्लुटाइड बनलं. ज्यांचं बरंचसं आतडं काढावं लागलं अशा रुग्णांसाठी ते २०१२ मध्ये मंजूर झालं. अस्तर वाढायला दिवस लागतात. चेंबरमधला तुकडा काही तासच जगतो. शिवाय जीएलपी-२ चा रिसेप्टर मुख्यत्वे अस्तराच्या पेशींवर नसून अस्तराखालच्या आधारपेशींवर आणि चेतापेशींवर असतो, आणि तिथून वाढीचे दुसरे घटक निरोप पुढे नेतात. म्हणून आम्ही उलटं करतो. उंदरांना आधी काही दिवस इंजेक्शनं, मग तुकडा चेंबरमध्ये, आणि करंटऐवजी लक्ष रोधावर. पोकळीच्या बाजूला चमकणारं डेक्स्ट्रान घालायचं आणि दुसऱ्या बाजूला ते किती झिरपतं ते दर पंधरा मिनिटांनी मोजायचं. भिंत किती राखलेली आहे हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारी पद्धत मी वापरलेली नाही.

घ्यावं का? रक्तात किती पेप्टाइड आहे एवढाच प्रश्न असेल तर नको, किट पुरेसं आहे. रिसेप्टर नेमकं काय करतो, कुठल्या बाजूने, थेट की चेतापेशींमार्फत, हा प्रश्न असेल तर घ्या, आणि पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी शोधनिबंधात वापरायच्या नाहीत हे आधीच ठरवून घ्या. आठ चेंबरचा संच एकट्या माणसाने घेऊ नये. आठवा तुकडा चढेपर्यंत पहिला थकलेला असतो. मी एकटी चारच नीट सांभाळू शकते. सोबत सुया नसलेले स्लायडर दोन मापांत मागा, रबरी रिंगा दुप्पट घ्या, आणि अगारचे पूल (चेंबर आणि इलेक्ट्रोड जोडणाऱ्या जेल भरलेल्या नळ्या) तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये बुडवून ठेवा. शुक्रवारी बाहेर राहिलेले पूल सोमवारी सुकलेले असतात, आणि त्या दिवशी रेष सरकत राहते तेव्हा आतडं बिघडलेलं नसतं.